प्रजागर आणि युक्तनिद्रा
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ व १७ यांच्या अनुरोधाने)

महाभारताच्या उद्योगपर्वात 'प्रजागरपर्व' या नावाचे एक उपपर्व आहे. प्रजागर म्हणजे जागरण. परंतु व्रतासाठी आपण होऊन केलेले जागरण नव्हे, तर झोप हवी असता ती न आल्यामुळे पदरी पडलेले जागरण. विदुरनीती म्हणून जो उपदेश घरोघरी आदराने वाचला जातो तो याच उपपर्वात आहे. तो एका निद्राहीन राजाच्या विनवणीवरून, रात्रीच्या वेळी सांगितला गेला, ही गोष्ट मात्र वाचकाच्या ध्यानातून पुष्कळदा निसटते.

प्रसंग असा. पांडवांकडे उपप्लव्यास पाठविलेला संजय रात्री हस्तिनापुरास परतला. त्याने राजाला चार कठोर शब्द ऐकविले, युधिष्ठिराचा निरोप सकाळी भरसभेत सांगेन असे म्हटले, आणि प्रवासाने थकलेला तो निजावयास निघून गेला. निरोप काय असेल हे धृतराष्ट्राला कळले नाही. आता सकाळपर्यंत थांबणे आले. अंगाचा दाह होऊ लागला, मन ठिकाणावर राहीना, झोप तर दूरच राहिली. तेव्हा त्याने विदुराला बोलावून घेतले व आपली अवस्था सांगितली.

हे हस्तिनापूर आजच्या मेरठ जिल्ह्यात, दिल्लीपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. १९५० ते १९५२ या काळात पुरातत्त्वज्ञ ब्र. बा. लाल यांनी तेथे उत्खनन केले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हणून ज्या प्रदेशाची आज गणना होते त्यात मेरठ जिल्हाही मोडतो. म्हणजे ज्या भूमीवर आज लक्षावधी गृहस्थ रात्री दोन वाजता छताकडे पाहत पडलेले असतात, त्याच भूमीवर एका राजाच्या अनिद्रेची ही जुनी कथा घडली असे परंपरा मानते. तिचा विचार गीतेच्या प्रकाशात करणे उपयुक्त होईल.

आजचा गृहस्थ

कल्पना करावी की गाझियाबादेस मुलाच्या घरी राहणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. मुलीच्या लग्नाचे कर्ज फिटले, तरी त्या काळात मोडलेली झोप पुन्हा बसली नाही. रात्री साडेनऊला ते अंथरुणावर पडतात आणि सकाळी सहाला उठतात. या साडेआठ तासांत झोप मिळते ती जेमतेम साडेपाच तास, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. उशाशी औषधांची लहानशी फळी आहे. मेलॅटोनिनच्या गोळ्या, मॅग्नेशियमची पूड, अश्वगंधाचे चूर्ण, कोणा स्नेह्याने परदेशातून आणलेली एक बाटली. प्रत्येक नव्या वस्तूने चार दिवस आशा वाटते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तीच रात्र उभी राहते. दिवेलागण झाली की त्यांच्या पोटात गोळा येतो. सुनेने कपबशी आपटली तरी ते चिडतात, आणि मग आपण चिडलो म्हणून झुरतात. नित्य गीतापाठ करणारे असल्यामुळे त्यांच्या मनाला आणखी एक काटा बोचतो: मला शांती नाही, म्हणजे माझी भक्तीच खोटी!

हा काटा प्रथम काढला पाहिजे. विदुराने धृतराष्ट्राला निद्रानाशाची कारणे सांगताना बलवानाने घेरलेला दुर्बळ, साधनहीन, धन हरवलेला, कामातुर आणि चोर अशी माणसे मोजली, आणि राजा यांपैकी कशात सापडत नाही ना, असा मार्मिक प्रश्न केला. त्यावरून ज्याला झोप नाही तो काही तरी पाप लपवीत आहे असा अर्थ काढणे हे अर्धवट वाचन होय. त्याच यादीत दुबळा आणि लुबाडला गेलेला हे निरपराध लोकही आहेत. चरकाचार्यांनी तर सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रानाशाची कारणे म्हणून कार्यव्यग्रता, काळ म्हणजे वय, रोग, जन्मप्रकृती आणि वायू यांची गणना केली आहे. यात पापाचे नावही नाही. अनिद्रा ही पुष्कळदा देहाची व सवयीची व्याधी असते. तिला व्याधी समजूनच तिच्याशी वागावे.

फळीवरील वस्तूंचा विचार

मेलॅटोनिन हे द्रव्य मेंदूतील पिनिअल ग्रंथी अंधार पडल्यावर स्रवते. १९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ॲरन लर्नर यांनी ते वेगळे करून दाखविले. त्याचे काम शरीराला 'रात्र झाली' अशी वर्दी देण्याचे आहे. ते माणसाला ओढून झोपवीत नाही. म्हणून दूर देशी विमानाने गेलेल्याचे बिघडलेले वेळापत्रक सुधारण्यास त्याचा उपयोग होतो. ज्याच्या शरीराला रात्र झाल्याचे केव्हाच कळले आहे, पण ज्याचे मन पहारा सोडीत नाही, त्याला दुसऱ्यांदा वर्दी देऊन काय होणार? अनेक चाचण्या एकत्र करून २०१३ साली केलेल्या एका परीक्षणात मेलॅटोनिनने झोप लागण्याचा वेळ सरासरी सुमारे सात मिनिटांनी कमी झालेला आढळला. दोन दोन तास तळमळणाऱ्यास सात मिनिटांचा दिलासा तो केवढा! अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१७ साली दीर्घकालीन अनिद्रेसाठी मेलॅटोनिन, व्हॅलेरियन व ट्रिप्टोफॅन वापरू नयेत असेच सुचविले. त्यातही बाटलीवर लिहिलेले प्रमाण आतल्या प्रमाणाशी जुळेलच असे नाही. २०२३ साली अमेरिकेतील मेलॅटोनिनयुक्त पंचवीस चघळगोळ्यांची तपासणी झाली तेव्हा बावीसांवरील मजकूर चुकीचा निघाला, आणि एकीत तर मेलॅटोनिन मुळीच नव्हते.

मॅग्नेशियमच्या बाजूचा पुरावा दुबळा आहे. अश्वगंधाने काही लहान चाचण्यांत थोडा लाभ दिसला. परंतु क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, तेव्हा तीही वैद्याला विचारल्यावाचून महिनोन् महिने घेत राहण्याची वस्तू नव्हे. या वस्तू सर्वस्वी निरुपयोगी आहेत असे येथे म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे इतकेच, की त्यांनी गुण आला नाही म्हणून आपली व्याधी असाध्य आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. किल्ली चुकली असेल तर कुलूप बिघडले असे होत नाही.

गुडाकेश शब्दाचा अर्थ

गीतेत अर्जुनाला चार ठिकाणी गुडाकेश म्हटले आहे: पहिल्या, दुसऱ्या, दहाव्या व अकराव्या अध्यायांत. गुडाका म्हणजे निद्रा, तिचा ईश म्हणजे स्वामी, जितनिद्र. श्रीशंकराचार्यांनी दहाव्या अध्यायावरील भाष्यात हा अर्थ दिला आहे, आणि दाट केसांचा असा दुसरा अर्थही विकल्पाने नोंदविला आहे. या नावावरून काही भाविकांचा असा ग्रह होतो की निद्रा ही साधकाची वैरीण आहे आणि ती जितकी कमी तितकी साधना मोठी. चौदाव्या व अठराव्या अध्यायांत निद्रेला तमोगुणाच्या पंक्तीस बसविलेले पाहून हा ग्रह अधिकच घट्ट होतो.

परंतु तेथे निंदा आहे ती आळस व प्रमाद यांच्या जोडीने येणाऱ्या, कर्तव्य चुकविणाऱ्या निद्रेची. दिवसभर श्रमलेल्या देहाच्या रात्रीच्या विश्रांतीची ती निंदा नव्हे. चरकाचार्यांनी निद्रेचे सहा प्रकार सांगून तमोगुणातून उपजलेली निद्रा एकीकडे काढली, आणि रात्रीच्या स्वभावाने येणारीला 'भूतधात्री', म्हणजे प्राणिमात्राची दाई, असे गौरवाचे नाव दिले. आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीर तोलून धरणारे तीन उपस्तंभ होत असेही त्यांनीच सांगितले आहे.

खुद्द गुडाकेशाने निद्रेला कसे वागविले हे द्रोणपर्वात पाहावे. युद्धाच्या चौदाव्या दिवशी सूर्यास्तानंतरही लढाई थांबली नाही. मध्यरात्र उलटली; हत्ती, घोडे व माणसे झोपेने आंधळी होऊन आपपरभाव न ओळखता एकमेकांवर कोसळू लागली. तेव्हा अर्जुनाने मोठ्याने सांगितले की चंद्र उगवेपर्यंत सर्वांनी येथेच रणभूमीवर निजावे, मग पुन्हा लढू. शत्रुपक्षालाही ते मानवले, आणि कौरवांच्या सैनिकांनी अर्जुनाला तोंडभर आशीर्वाद दिले. कोणी घोड्याच्या पाठीवर, कोणी रथात, कोणी हत्तीच्या स्कंधावर, कोणी जमिनीवर, जसे होते तसे निजले. निद्रेवर ज्याची सत्ता आहे तो दुसऱ्याची निद्रा हिरावीत नाही. तो शत्रूलाही ती देतो. गुडाकेश या पदवीचे मर्म येथे उघड होते.

दिल्लीच्याच सर्वोच्च न्यायालयाने आधुनिक भाषेत हेच सांगितले आहे. ४ व ५ जून २०११ च्या मधल्या रात्री रामलीला मैदानावरील मंडपात झोपलेल्या जमावाला पोलिसांनी उठवून हुसकले. त्या प्रकरणाची न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. २३ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात न्यायमूर्ती बलबीर सिंह चौहान यांनी आपल्या स्वतंत्र मतात झोप हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घालणारे नियम २००० सालापासून आहेतच. लग्नसराईत आपल्या दारचा मांडव शेजारच्या आजाऱ्याची रात्र तर खात नाही ना, हे पाहणे हाही गृहस्थाच्या धर्माचा एक भाग होय. तो मांडव भजनाचा असला तरी नियम तोच.

'युक्त' म्हणजे काय

सहाव्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात भगवंतांनी सांगितले की अति खाणाऱ्यास योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही नाही. फार झोपणाऱ्यास साधत नाही आणि जागतच राहणाऱ्यासही नाही. पुढच्या श्लोकात आहारविहार, कर्मातील चेष्टा, निद्रा व जागृती ही सर्व ज्याची युक्त आहेत त्याचा योग दुःखहारक होतो असे म्हटले. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की 'युक्त' हे विशेषण निद्रा आणि जागृती या दोहोंना मिळून लावलेले आहे. ज्याचे जागणे बेशिस्त, त्याचे झोपणे युक्त होणार नाही. युक्त म्हणजे मापाने केलेले. ज्ञानेश्वरमहाराजांनीही या स्थळी मापाचाच अर्थ विस्ताराने उलगडला आहे.

आधुनिक निद्राशास्त्र याच जोडीवर उभे आहे. १९८२ साली अलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडले की झोप दोन प्रवाहांच्या संगमावर येते. एक, जागेपणी हळूहळू साठत जाणारा झोपेचा भार. मनुष्य जितका वेळ जागा, तितका तो वाढतो. दुसरा, शरीरातील चोवीस तासांचे घड्याळ. ते मुख्यतः सकाळच्या प्रकाशाने जुळते. दुपारी दोन तास लोळणारा पहिल्या प्रवाहाचे पाणी आधीच उपसून टाकतो. रोज वेगळ्या वेळी उठणारा दुसऱ्याचा ओघ मोडतो. सायंकाळचा चहा साठलेल्या भाराची जाणीव काही तास झाकून ठेवतो. चहाकॉफीतील कॅफिन निम्मे उतरण्यासच सुमारे पाच तास लागतात.

साधकांपुरती आणखी एक सूचना. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या सुमारे दीड तास आधी धरला जातो. दिल्लीस जूनमध्ये सूर्योदय साडेपाचच्या आत होतो आणि जानेवारीच्या आरंभी सव्वासातच्या सुमारास. म्हणजे तो मुहूर्त ऋतूप्रमाणे पहाटे चारच्या आधीपासून पावणेसहापर्यंत सरकतो. निरोगी मनुष्याने लवकर निजून तो खुशाल साधावा. परंतु ज्याची झोप मोडली आहे त्याने व्याधी बरी होईपर्यंत बारा महिने घड्याळातील एकच वेळ, उदाहरणार्थ पहाटे साडेपाच, उठण्यासाठी ठरवावी. रात्री बारापर्यंत दूरदर्शन अथवा मोबाईल पाहून चारला उठणे ही तपश्चर्या नव्हे, तो अतिरेक होय.

कर्म आपले, निद्रा फळ

आता मुख्य मुद्द्याकडे वळावे. निद्रा ही आज्ञेने येणारी वस्तू नाही. हात उचलावा म्हटले तर उचलता येतो. झोपावे म्हटले तर झोपता येत नाही. उलट 'आता झोप आलीच पाहिजे' असा हट्ट हीच एक जागृती आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आरुणीने श्वेतकेतूला सुषुप्तीचे स्वरूप सांगताना दोरीने बांधलेल्या पक्ष्याचा दृष्टांत दिला आहे. तो पक्षी दाही दिशांना उडून पाहतो, कोठेच आधार मिळत नाही, तेव्हा आपण होऊन बांधलेल्या ठिकाणी येऊन बसतो. मनही तसेच प्राणाच्या आश्रयास येते. पक्ष्याला कोणी धरून आणीत नाही. धरावयास धावल्यास तो अधिकच फडफडेल.

दुसऱ्या अध्यायातील कर्मफलाचा सिद्धांत येथे अक्षरशः लागू पडतो. झोप हे फळ आहे. त्यावर अधिकार नाही. अंथरुणावर केव्हा जावे, केव्हा उठावे, दिवा केव्हा मालवावा, हे कर्म आहे. त्यावर पूर्ण अधिकार आहे. अनिद्रेवर आज जो उपाय सर्वांत खात्रीचा मानला जातो तो या भेदावरच आधारलेला आहे. त्यात विचारांची व सवयींची घडी पुन्हा बसविली जाते. अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली दीर्घकालीन अनिद्रेच्या सर्व प्रौढ रोग्यांसाठी हाच उपाय गोळ्यांच्या आधी करावा असे सांगितले. त्याची मुख्य अंगे अशी.

पहिले अंग शय्येचे. १९७२ साली रिचर्ड बूटझिन यांनी ही पद्धती मांडली. डोळ्यांवर झोप आल्यावाचून अंथरुणावर जाऊ नये. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर घड्याळ न पाहता उठावे. मंद उजेडात शांतपणे बसावे. झोप दाटली की पुन्हा जावे. रात्रीतून कितीही वेळा असे करावे लागले तरी करावे. अंथरुणावर बसून हिशेब, वर्तमानपत्र, मोबाईल किंवा चिंता करू नये. ज्या घरी एकच खोली आहे तेथे अंथरुणापासून हातभर दूर चटई टाकली तरी पुरे. हेतू हा, की शय्या म्हणजे तळमळ ही जी सांगड मनात बसली आहे ती सुटावी.

दुसरे अंग कालाचे. १९८७ साली आर्थर स्पीलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडले. दोन आठवडे रोज सकाळी अंदाजाने टिपून ठेवावे की किती वेळ अंथरुणावर होतो व किती झोपलो. गाझियाबादच्या त्या कल्पित गृहस्थांची झोप साडेपाच तास आहे. त्यांनी अंथरुणावर साडेआठ तास न घालविता सहाच तास द्यावे. रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच. पहिले काही दिवस दिवसा डोळे जड होतील. परंतु तुकडे झालेली झोप हळूहळू एका जागी गोळा होते. सहा तासांपैकी पाचाहून अधिक तास झोपेत जाऊ लागले की दर आठवड्यास पंधरा मिनिटे वाढवावीत. पाच तासांच्या खाली ही मुदत कधी आणू नये. अपस्मार किंवा उन्मादाचा विकार असणाऱ्यांनी, वाहन अथवा यंत्र चालविणाऱ्यांनी हे अंग वैद्याच्या देखरेखीवाचून मुळीच आचरू नये.

तिसरे अंग चिंतेचे. चिंता रात्री घालवू म्हटल्याने जात नाही. तिला दिवसा जागा द्यावी लागते. सायंकाळी पंधरा मिनिटे बसून मनातील गोष्टी कागदावर लिहाव्या. ज्यांचे काही करता येण्यासारखे आहे त्यांपुढे उद्याचे काम लिहावे. मग कागद घडी करून ठेवावा. 'झोप झाली नाही तर उद्याचा दिवस गेलाच' यांसारखी वाक्ये तपासून पाहावीत. वाईट रात्रीनंतरही कामे उरकलेली किती तरी दिवस त्या गृहस्थांच्याच आयुष्यात सापडतील.

या सर्वांस साधारणतः सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. सहाव्या अध्यायातच मनाला हळूहळू, धीराने आवरावे असे सांगितले आहे, आणि चंचल मन अभ्यास व वैराग्य यांनी वश होते असेही. येथे अभ्यास म्हणजे उठण्याची वेळ न मोडणे, आणि वैराग्य म्हणजे आजच्या रात्रीचा निकाल न मागणे.

जपाविषयी

झोप येत नसेल तर नामस्मरण करावे असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात, व ते योग्यच आहे. परंतु एक सावधगिरी पाहिजे. 'एक हजार जप झाला, अजून झोप नाही' असे मोजणारा मनुष्य जप करीत नाही. तो नामाची गोळी करून गिळीत आहे. मग नामानेही गुण आला नाही अशी नवी निराशा पदरात येते, आणि श्रद्धेलाच धक्का बसतो. नाम घ्यावे ते नामासाठी. झोप आली तर येवो. न आली तर ती घटका नामात गेली, वाया गेली नाही. झोपेची मागणी सुटली की झोपेची वाट आपोआप मोकळी होते. पण तेवढ्यासाठी मागणी सोडण्याचे सोंगही करू नये.

रात्रीचे निर्णय

अनिद्रेत खरा धोका आणखी एक आहे. सौप्तिकपर्वात युद्धाच्या शेवटच्या रात्री कृपाचार्य, कृतवर्मा व अश्वत्थामा हे तिघे वडाच्या झाडाखाली उतरले. दोघे झोपले. क्रोधाने जळणारा अश्वत्थामा मात्र जागा राहिला. त्याने पाहिले की एक घुबड येऊन झाडावर निजलेल्या कावळ्यांचा संहार करीत आहे. तेथेच त्याच्या मनात निजलेल्या शत्रूंना मारण्याचा बेत उगवला. कृपाचार्यांनी त्याला विनविले की तू फार जागला आहेस, आजची रात्र झोप, विश्रांती घे, सकाळी विचार करू. त्याने उलट विचारले की दुःखाने व क्रोधाने भरलेल्यास झोप कोठली? सकाळपर्यंत तो थांबला नाही. द्रौपदीचे पाचही पुत्र त्या रात्री मारले गेले.

रात्री तीन वाजता प्रत्येक दुःख आपल्या उंचीच्या दुप्पट दिसते. त्या घटकेस राजीनामा लिहू नये, मुलाशी संबंध तोडण्याचा निश्चय करू नये, जमीन विकण्याचे ठरवू नये, आपण घरच्यांना भार झालो आहो असा निवाडा तर मुळीच करू नये. कृपाचार्यांचे ते साधे वाक्य प्रत्येक निद्राहीनाने उशाशी बांधून ठेवावे: सकाळी विचार करू. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर मात्र सकाळचीही वाट पाहू नये. घरातील माणसाला तत्काळ उठवावे. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर रात्रीही बोलता येते.

वैद्याकडे केव्हा

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल अथवा टिकत नसेल आणि त्यामुळे दिवस बिघडत असेल, तर ती दीर्घकालीन अनिद्रा समजावी व वैद्यास दाखवावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा बसल्या जागी पेंगणे ही लक्षणे श्वासावरोधाची असू शकतात. पायांत रात्री विलक्षण चुळबूळ होत असेल तर रक्तातील लोह तपासावे. अवटुग्रंथीचा विकार, खिन्नता, संधिवाताच्या वेदना, काही औषधे हीही कारणे असतात. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, दिलशाद गार्डनमधील मानवी वर्तन व संबंधित विज्ञान संस्था यांसारख्या सार्वजनिक संस्थांत मानसवैद्य भेटतात. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत. आणि पुष्कळ दिवस घेतल्या असल्यास एकाएकी बंदही करू नयेत, कारण त्याने भयंकर उपद्रव होतो. त्या वैद्याच्या सांगण्याप्रमाणे थोड्याथोड्या उतरवाव्या.

उपसंहार

धृतराष्ट्राचे पुढे काय झाले? विदुराने रात्रभर उपदेश केला. राजाने तो मान्य केला. माझी बुद्धी तू म्हणतोस तशीच पांडवांकडे वळते, पण दुर्योधन भेटला की पुन्हा फिरते, असे त्याने स्वतःच कबूल केले. त्याच्या अनिद्रेचे औषध शय्येवर नव्हते. ते सकाळच्या सभेत होते. पुतण्यांचा वाटा परत देणे, एवढेच ते औषध. ते त्याने घेतले नाही.

म्हणून निद्राहीन गृहस्थाने आपली परीक्षा दोन्ही अंगांनी करावी. दिवसाचे काही देणे राहिले असेल, कोणाची क्षमा मागावयाची, कोणाचे पैसे द्यावयाचे, मुलाशी एक गोष्ट स्पष्ट बोलावयाची, तर ते दिवसाच करून टाकावे. असे काही नसेल तर स्वतःला दोषी न मानता व्याधीचा उपचार धीराने करावा. गाझियाबादच्या त्या गृहस्थांना पहिल्याच आठवड्यात सात तासांची झोप मिळेल असे वचन कोणी देऊ शकत नाही. पहाटे साडेपाचला उठणे मात्र त्यांच्या हातात आहे. उठावे, गच्चीवर जाऊन उजाडताना पाहावे, सुनेला एक गोड शब्द बोलावा, आणि रात्रीचा हिशेब मांडू नये. जागणे असे युक्त झाले की निद्रा आपल्या पावलांनी दारात येते.